आईच्या मागची खुर्ची

सुनावणीच्या आदल्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये लव्हिनिया मावशीच्या स्वयंपाकघरात आमचं लुटुपुटीचं सिनेट भरलं होतं. मावशी सिनेटर, हातात लाकडी डाव. आई समोरच्या खुर्चीत ताठ बसलेली.

"न्यायाधीश प्रुइट," मावशीने डाव आपटला, "मक्याच्या पावात साखर घालावी की नाही?"

"असा खटला माझ्यापुढे येऊ शकतो, सिनेटर. आत्ता मत देणं योग्य नाही."

"बघा! सख्ख्या बहिणीलाही सरळ उत्तर नाही. हिची निवड होणारच!"

आई खळखळून हसली. आर्कान्सामधल्या केंद्रीय जिल्हा न्यायालयात तिची उमेदीची वर्षं सरली होती. आता राष्ट्राध्यक्षांनी अपील न्यायालयासाठी तिचं नाव पाठवलं होतं. सिनेटचा होकार तेवढा बाकी होता. अडचण एकाच निकालाची होती.

"आता तू विचार," ती मला म्हणाली. "अवघड ते."

मी विचारलं. "पोलीस वॉरंटशिवाय घरात शिरले, म्हणून तिथे सापडलेलं पिस्तूल तुम्ही पुरावा मानलं नाही. तो माणूस सुटला आणि पुढे त्याने होरेस टॅली या दुकानदाराचा खून केला. आज तोच निकाल द्याल?"

टॅलीकाका लहानपणी माझ्या बर्फाच्या गोळ्यावर जास्तीचं सरबत ओतायचे.

"त्या वेळच्या कायद्यानुसार निकाल दिला. अधिक बोलणं उचित नाही." हे वाक्य सुनावणीची तयारी करून घेणाऱ्या वकिलाने तिच्याकडून घोटून घेतलेलं. मग तिने आवाज उतरवला. "तुला काय वाटतं गं? मी चुकले?"

"सिनेटरला प्रश्न विचारायचे नसतात," मी म्हणाले आणि पाव कापायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत मी तिच्या मागच्या खुर्चीत होते. वकिलाने बजावलं होतं, "कॅमेऱ्यात तिच्या खांद्यामागे तुम्ही दिसता. मान हलवायची नाही, हसायचं नाही, डोळे पुसायचे नाहीत."

प्रश्न आलाच. आईने पाण्याचा पेला उचलला, न पिता ठेवला.

"मिस्टर टॅलींच्या अंत्यविधीला मी शेवटच्या बाकावर बसले होते," ती म्हणाली. "त्यांच्या पत्नीने माझ्याकडे पाहिलं नाही. तो त्यांचा हक्क. पण दार मोडून आत शिरायचा हक्क पोलिसांना नव्हता. आज तो खटला आला तरी तोच निकाल देईन."

वकिलाने डोळे मिटले.

"म्हणजे पश्चात्ताप नाही?" सिनेटरने चष्मा काढला.

"दुःख आहे, सर. पश्चात्ताप नाही."

माझी मान होकारासाठी खाली येऊ लागली होती. मी ती तिथेच धरली.

बाहेर लांबलचक कॉरिडॉरमध्ये वकील पुटपुटला, "दोन मतं तरी गेली."

"जाऊ देत," आई म्हणाली. माझ्याकडे वळली. "लव्हिनियाला सांग, साखर अजिबात घालायची नाही." मग तिने भिंतीला हात लावला आणि खाली बसत गेली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती पुन्हा बोलली नाही. तिच्या नावावर मतदान झालंच नाही.

आर्कान्सामधल्या पाइन ब्लफच्या तिच्या न्यायदालनात श्रद्धांजलीची बैठक भरली तेव्हा तिच्या खुर्चीवर तिचा काळा झगा पसरला होता. सहकारी न्यायाधीश बोलले. मग माझं नाव पुकारलं गेलं. माईकपाशी उभी राहिले आणि शेवटच्या बाकावर मिसेस टॅली दिसल्या. हात मांडीवर, नजर थेट माझ्यावर.

लिहून आणलेला कागद मी तसाच मिटला आणि झग्याकडे वळले.

"ममा, तू विचारलं होतंस," मी म्हणाले. आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोहोचेल इतका मोठा काढला. "नाही. तू चुकली नाहीस."