तिसऱ्या रविवारची हरकत

माझ्या धाकट्या भावाने पाळक म्हणून पस्तीस वर्षांत चार चर्चं सांभाळली आणि चारही वेळा त्याची ट्रंक मी भरली. पहिल्या उपदेशाला उभा राहिला तेव्हा त्याची बोबडी वळली होती. पुढे मात्र असा रंगायला लागला की मागच्या बाकावरचे लोक घड्याळ हलवून बघायचे.

आमच्यात लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचतात आणि विचारतात, "कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा." हा प्रश्न माझा भाऊ एका दमात उरकायचा आणि लगेच पान उलटायचा. कधी कुणी हूं की चूं केलं नाही.

आणि बासष्टाव्या वर्षी या गृहस्थाने स्वतःचंच नाव वाचलं! नवरी कोण, तर आमची ऑर्गन वाजवणारी. ज्याला स्वतःचे पायमोजे सापडत नाहीत, तो निघाला संसार थाटायला!

राग होताच, पण खरं सांगते, त्याच्याखाली भीती होती. मी लग्न केलं नाही. त्याचं घर तेच माझं. ते घर चर्चचं, म्हणजे पाळकाचं आणि आता त्याच्या बायकोचं. अडुसष्टाव्या वर्षी मी जायचं कुठे? दोन आठवडे मी त्याच्याशी "जेवायला ये" याच्यापलीकडे बोलले नाही.

तिसऱ्या रविवारी त्याने प्रश्न विचारला आणि पान उलटलंच नाही. पुस्तक तसंच धरून माझ्याकडे बघत राहिला. सगळी मंडळी वळून बघायला लागली.

मी उठले. "आहे हरकत."

"कोणती, ताई?" पहिल्या उपदेशाच्या वेळी झाला होता तसा त्याचा आवाज झाला.

मी पायमोज्यांचं सांगणार होते. तोंडातून निघालं, "मी राहू कुठे?"

ऑर्गनच्या बाकावरून ती वळली. अकरा वर्षं मला 'बाई' म्हणणारी ती म्हणाली, "वन्सं, तुमची खोली तुमचीच. मी ह्यांना पहिल्याच दिवशी बजावलंय, त्या राहणार असतील तरच लग्न. मला चहापलीकडे काही येत नाही."

"मग हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू बोलू दिलंस का?" भाऊ म्हणाला.

सगळे हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी पुसलंही नाही.

"मग हरकत मागे?" त्याने विचारलं.

"मागे. पण पायमोजे आजपासून तिने शोधायचे."

मी आणखी काही बोलायच्या आत त्याने पान उलटलं.