गराशाच्या पाठीवर

बसंतीबाईच्या डोळ्यांत तो म्हातारा बैल सलायचा. काम काडीचं नाही अन् वैरण मात्र दोघांची! पण सासरे भावसिंग ऐकतील तर शपथ. लदेनीच्या काळी बंजाऱ्यांचे बैल पाठीवर गोणी घेऊन मुलूखभर हिंडायचे, तेव्हा सगळ्यांपुढे असा एक गराशा चालायचा. संत सेवाभायाच्या नावानं सोडलेला, गळ्यात घंटी, पाठीवर ओझं कधीच नाही. लदेनी केव्हाच बुडाली, तरी म्हाताऱ्यानं गराशा ठेवलाच. "काहून सांभाळता ह्याले, मामाजी? बाजारात विकून टाका ना," असं ती म्हणाली की भावसिंग बहिरे व्हायचे.

खालच्या वस्तीनं नागपुरात बौद्ध दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं. त्या भादव्यात पाऊस थांबेचना, अन् एका सकाळी टेकडीच सुटून वस्तीवर आली. घरं चिखलात गाडली गेली, चार माणसं दगावली. उरलेले शाळेत जाऊन बसले होते. त्यांतच सत्यभामा होती, नुकतीच बाळंतीण. बसंतीबाईचा जीव तिथंच अडकला. मागं बसंतीबाई तापानं फणफणली होती तेव्हा तिच्या तान्ह्या लेकाला सत्यभामानंच अंगावर पाजलं होतं. आता तीच उपाशी!

मुकुटबनच्या लोकांनी ज्वारी, गूळ अन् घोंगड्या गोळा करून बैलबंड्या बसंतीबाईच्या तांड्यापर्यंत आणल्या. पुढं रस्ताच उरला नव्हता. होती ती डोंगरावरची जुनी लदेनीची वाट, तिथं बंडी जाणार नाही.

"गोणी काढा," भावसिंग म्हणाले. बसंतीबाईनं ज्या फाडून बस्कर करायचा घाट घातला होता, त्याच गोणी माळ्यावरून खाली आल्या अन् भरून बंडीच्या बैलांच्या पाठीवर चढल्या.

घाईत तिच्या नवऱ्यानं, भीमसिंगनं, गराशाच्या पाठीवरही गुळाची लहान गोणी टाकली. गराशा मटकन खाली बसला.

"उठ बे! तिकडे माणसं उपाशी मरून राह्यली!" भीमसिंगनं शेपटी पिळली. काही उपयोग नाही. मागं बंडीचे बैलही निसरड्या चढापाशी अडले.

"याडी, माय गं! ह्याले आजच नखरे सुचले!" बसंतीबाई रडकुंडीला आली.

"ओझं काढ, पोरी. त्याचं काम पुढं चालायचं हाय," भावसिंग म्हणाले.

तिनं रागारागानं गोणी उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतली. गराशा उठला, अंग झाडलं अन् वाट हुंगत निघाला. घंटी वाजली तसे मागचे बैल निमूट चालू लागले. बसंतीबाई तोंडातल्या तोंडात शिव्या देत त्यांच्या मागं.

दुपारी शाळा गाठली. सत्यभामा ओल्या भिंतीला टेकून होती, बाळ पदराखाली. "आली वं तू?" एवढंच म्हणून ती हुंदके द्यायला लागली.

"रडू नको. आधी खाय." बसंतीबाईनं गुळाचा खडा तिच्या तोंडात कोंबला. आपलेही डोळे पुसले.

चुली पेटल्या, सगळे पोटभर जेवले. पण छत गळत होतं अन् बाळाचे पाय गार पडले होते. बाळंतिणीला तांड्यावर न्यायला हवं होतं. तिला तर उभंही राहवेना, अन् बंडीचे बैल पाठीवर माणूस बसू देईनात. तेव्हा भावसिंगनी आपली घोंगडी काढून गराशाच्या पाठीवर पसरली.

बसंतीबाई दचकली. "मामाजी, ह्याच्यावर ओझं ठेवत नाहीत ना?"

"ओझं कायचं?" म्हातारा खेकसला. "लेक माहेरी चालली."

सत्यभामाच्या नवऱ्यानं, श्रावणनं, तिला उचलून वर बसवलं. गराशा बसतो की काय म्हणून सगळे बघत राहिले. तो उभाच राहिला. वाटभर बसंतीबाईनं त्याच्या मानेवरचा हात काढला नाही.

तांड्यावर आल्यावर तिनं सत्यभामाला चुलीपाशी निजवलं, बाळाला शेक दिला. मग तव्यावरची पहिली भाकर घेऊन अंगणात गेली.

"खाय, मेल्या," ती गराशाला म्हणाली, "अन् बाजाराचं मनावर घेऊ नको."