मधलं नाव

दर वेळी खिडकीतून ताटं देणाऱ्या डोलोरेसचा पायरीवरून घसरून घोटा सुजला, तेव्हा फादर स्टॅननी कढईपाशी उभ्या असलेल्या लेनर्ड वॉइचिकच्या हातातला झारा काढून घेतला. खिडकीत उभं राहून आज ताटं तुम्ही द्या, म्हणाले.

लोरेन गावच्या या चर्चच्या तळघरात ईस्टरआधीच्या उपासात दर शुक्रवारी पर्च मासा तळला जाई, आणि सव्वीस वर्षं लेनर्ड तो तळत होता, पण मागे, भिंतीकडे तोंड करून. बँकांच्या आणि दवाखान्यांच्या वतीनं थकबाकीदारांवर दावे लावणं हा त्याचा पोटाचा धंदा. निम्मं गाव त्याच्या फायलीत होतं, आणि तेच शुक्रवारी इथे जेवायला येई. कामाची त्याला लाज नव्हती. हप्ते त्यानं सोसतील असेच बांधून दिले होते, कुणाला उणा शब्द बोलला नव्हता. पण आपलं तोंड पाहून एक जरी माणूस उपाशी परत गेला, तर पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही, हे त्यानं पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. आणि या शुक्रवारांवर तर त्याचा भारी जीव.

पहिला अर्धा तास बरा गेला. जो येईल त्याला नावानं हाक मारून ताट द्यायचं, ही इथली रीत. मग राखाडी कोटातली एक बाई पुढे आली. लेनर्डनं चेहरा ओळखला आणि सवयीनं बोलून गेला, "कॅरल युनिस पिंटर, ईस्ट सिक्स्थ स्ट्रीट."

समन्सवर लिहितात तसं. पत्त्यासकट.

रांगेतले लोक वळून पाहू लागले. नवऱ्याच्या आजारपणाच्या बिलापायी कॅरलच्या पगारातून दोन वर्षं कपात झाली होती, ती याच्याच दाव्यामुळे.

"आई गेल्यापासून युनिस फक्त तुम्हीच म्हणालात, वकीलसाहेब," ती शांतपणे म्हणाली. ताट तिथेच ठेवून ती रांगेबाहेर पडली.

लेनर्डला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संपलं आपलं इथलं, असं म्हणत तो ॲप्रनची गाठ सोडू लागला. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार ढकलून कॅरलच आत आली. कोट खुंटीला अडकवून तिनं हात पुढे केला.

"द्या इकडे तो ॲप्रन. खिडकी तुम्हाला जमायची नाही. असे पत्ते वाचत बसलात तर लोक मासे टाकून पळतील."

त्यानं ॲप्रन काढून दिला.

"आणि तुमचं मधलं नाव काय?"

"कॅसिमिर," तो पुटपुटला, आणि कढईकडे गेला. फादरनी हसू दाबत झारा परत केला.

दोन मिनिटांत खिडकीतून खणखणीत आवाज आला. "लेनर्ड कॅसिमिर वॉइचिक, चार ताटं. आणि पाचवं माझं, जरा कुरकुरीत."

सगळं तळघर हसलं. लेनर्डनं तुकडे तेलात सोडले, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कढईपासून मागे वळून जेवणाऱ्यांकडे पाहिलं.