उंबरा ते ओटा

ती गेली हे कळलं तेव्हा माझ्या हातात रंधा होता. दवाखान्यातून लेकीचा फोन आला. "बाबा, आई..." एवढंच बोलली. मी "बरं" म्हटलं. बरं कशाला म्हणालो, देव जाणे. लाकूड तेवढं तासून संपवलं आणि निघालो.

चार महिन्यांपूर्वी ती स्वयंपाकघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, चालवत राहा. मी सुतार. तिला धरून चालायला भिंतीला दांडा बसवायला घेतला. पहिला बसवला तो माझ्या कमरेच्या मापानं. तिनं हात उंच करून धरला.

"अहो, मला चालवताय की टांगताय?"

लेक हसून हसून खाली बसली. लोकांच्या दारं-खिडक्यांची मापं मला तोंडपाठ, आणि चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या बाईचं माप माहीत नव्हतं.

काढून पुन्हा बसवला. पलंग ते खिडकी, खिडकी ते न्हाणीघर, तिथून स्वयंपाकघराचा उंबरा. दुपारच्या उन्हात ती चालायची, पाण्यातून चालावं तशी. अंगठी दांड्यावर वाजायची. टक. टक. ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा.

"उंबऱ्यापासून ओट्यापर्यंतचा कधी?"

"लाकूड ओलं आहे अजून."

"दोन महिने ओलं? नदीत ठेवलंय का?"

लाकूड खडखडीत वाळलेलं होतं. ती पुन्हा तिथंच पडेल, ही माझी धास्ती. तिला एकदा आपल्या पायांनी ओट्याशी जाऊन मला चहा करून द्यायचा होता. "चार महिने तुमचा पाणचट चहा पितेय," म्हणायची. शेवटी मी कबूल केलं, सोमवारी बसवतो.

रविवारी तिला धाप लागली, दवाखान्यात नेलं. फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली होती. सोमवारी सकाळी जरा बरी दिसली आणि तिनं मलाच हाकललं. "माझं तोंड काय बघत बसलात? आज सोमवार आहे. लेक आहे इथं. तुम्ही जा, दांडा तासा."

मी गेलो.

आता दुपारी पडलो की ऐकू येतं. टक. टक. पलंगापासून निघतं, खिडकीशी जरा रेंगाळतं, न्हाणीघर ओलांडतं. उंबऱ्याशी येऊन थांबतं. मी डोळे उघडत नाही.

तुकडा तासून, घासून ओट्याला टेकवून ठेवलाय. साडेतीन फूट लांब; भिंतीवरची खूण तिच्या मापाची. बसवायचा राहिलाय.