शेवटच्या माणसाचं जाकीट

आमच्या अकरा मोटरसायकलींच्या टोळीत माणसं मोजायला बंदी होती. पहिल्या सहलीत प्रत्येकाने मोजली आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आला. मास्तरांचा तर बारा. भूमिती शिकवणाऱ्या माणसाने बारा मोजावेत, यावरून आम्ही त्यांना अजून छळतो. तेव्हा भावोजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने, नियमच घालून दिला. सगळ्यांत पुढे मास्तर. सगळ्यांत मागे स्वतः भावोजी, अंगात नारिंगी जाकीट. वाटेत फाटा आला की मास्तरांच्या मागचा माणूस तिथे उभा राहणार आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात करून वाट दाखवणार. शेवटी नारिंगी जाकीट येणार, थांबणार, त्याच्या हेल्मेटवर दोनदा टकटक करणार, आणि मगच त्याने फाटा सोडायचा. फाट्यावर कोणी उभं नसेल, तर डोळे मिटून सरळ जायचं.

ही टकटक भावोजींच्या कामातली. ते लिफ्ट दुरुस्त करतात. एक माणूस खाली खड्ड्यात उतरलेला असतो आणि दुसरा वर बटणापाशी. खालच्याने लोखंडावर दोनदा ठोकल्याशिवाय वरचा बटणाला हात लावत नाही. "आणि एकदाच ठोकलं तर?" मी एकदा विचारलं होतं.

"एकदा काहीही ठोकलं जातं. पाना पडतो, डोकं आपटतं. दोनदा माणूसच ठोकतो."

या खेपेचा बेत माझ्या चष्म्याच्या दुकानात ठरला, रविवारी सकाळी. काउंटरवरचे काचांचे ट्रे बाजूला सारून नकाशा पसरला. मास्तरांनी किनाऱ्याकिनाऱ्याने पेन्सिल फिरवली. नवीनच आलेले डॉक्टर, दातांचे, भिंतीवरची अक्षरं एक डोळा झाकून वाचत बसले होते. त्यांनी सहलीसाठी सगळं कोरं करकरीत घेतलं होतं, दोन माणसांना उचलणार नाही अशी गाडी, गुडघ्यापर्यंतचे बूट, हातमोजे. जाकीट तेवढं जाळीचं, कारण फोटोत ते बरं दिसतं. ताई वरच्या घरातून चहाचा थर्मास घेऊन उतरली आणि नकाशाकडे बघत राहिली.

"हे सगळ्यांच्या मागे. मग यांच्या मागे कोण?"

"देव आहे की," मी म्हणालो. सगळे हसले.

"देवाला मोटरसायकल येते का?" ताईने माझ्या हातात थर्मास दिला. "ते जगाचं करत बसतात. तू त्यांच्यावर लक्ष ठेव. नीट घेऊन ये."

मी हो म्हणालो. तिला मी लहानपणापासून असंच हो म्हणत आलोय.

सहलीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. रस्ता असा नव्हताच. कुठे गोटे, कुठे घोट्याएवढी वाळू, डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला खाली काळ्या खडकांवर आपटणारा समुद्र. एका फाट्यावर मास्तर थांबले. डावी वाट डोंगरावर चढत होती. सरळ जाणारा जुना रस्ता एका मोठ्या खडकाला वळसा घालून दिसेनासा होत होता. त्या वळणापलीकडचा रस्ता महिन्याभरापूर्वी समुद्राने खाल्ला होता. वाट अडवायला लावलेली दोन्ही पिंपं जागेवर नव्हती. एक खाली पाण्यात आडवं पडलेलं दिसत होतं.

"इथून हलायचं नाही," मास्तर म्हणाले. "सरळ गेला तो गेला."

मी गाडी लावून उभा राहिलो. एकेक जण येत गेला, मी हात करत गेलो, ते डोंगर चढत गेले. मग कोणीच येईना. वारा हेल्मेटमध्ये शिरून कानात घुमत होता. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली. फोनला रेंज नाही. मी मास्तरांच्या मागे असतो म्हणून प्रत्येक अडचणीचा फाटा माझ्याच नशिबी. बाकीचे एव्हाना चहा पीत असतील, आणि भावोजी मागे कोणाची तरी साखळी बसवत असतील. मला खरंच राग आला होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्या रागातून झालं.

तेवढ्यात धुळीचा लोट आला आणि त्यातून नारिंगी जाकीट. गाडीही भावोजींचीच, टाकीवर ओरखडा असलेली जुनी. हेल्मेटचं म्हणाल तर धुळीत सगळी हेल्मेट एकाच रंगाची असतात. गाडी थांबली नाही. डावा हात वर झाला, मागे कुठेतरी हलला, आणि गाडी डोंगर चढून गेली.

मी क्षणभर तसाच उभा होतो. टकटक झाली नव्हती. माझ्या मनात ते आलं, अगदी स्पष्ट आलं. मग मी स्वतःलाच म्हटलं, नियम करणाराच नियम मोडतोय तर मी कोण शहाणा? त्यांनाही थंडी वाजत असेल. मी किक मारली आणि निघालो.

सात किलोमीटरवर, डोंगराच्या माथ्यावर पत्र्याची टपरी होती. मी चहा हातात घेऊन जाकिटाजवळ गेलो, दोन शब्द सुनवायला. "काय हो, आमच्या डोक्याला हात लावायलाही वेळ नाही का आता?"

हेल्मेट निघालं. आत डॉक्टर होते.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ओठ निळे पडलेले, केस डोक्याला चिकटलेले. मला काय दिसतंय ते मला कळत होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरायला तयार नव्हता. चहा पँटवर सांडला, तोही पाय भाजल्यावर कळला.

"भावोजी कुठे आहेत?"

"मागे," डॉक्टर म्हणाले. "मी ओढ्यात पडलो हो. माझी गाडी पाण्यात बंद पडली. दात असे वाजायला लागले की बोलता येईना. त्यांनी आपलं जाकीट काढून मला घातलं, आपली गाडी दिली. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी ही सुरू करून येतो. फाट्यावर मेहुण्याला सांगा."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! ओरडलो, हात केला. थांबलो असतो तर पुन्हा पडलो असतो, या गाडीवर माझे पाय टेकत नाहीत." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे पाहिलं. "तुम्ही इथे कसे?"

फाट्यावर कोणी नसेल तर सरळ. आणि नियम पाळावा तर भावोजींनीच.

ते सात किलोमीटर मी कसे उतरलो ते मला आजही सांगता येत नाही. मागून मास्तरांची आणि आणखी कोणाची गाडी येत होती. मला फक्त ताई दिसत होती, थर्मास घेऊन उभी. यांच्या मागे कोण? मी मोठमोठ्याने काहीतरी बोलत होतो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की मी "त्यांनी जाकीट दिलंच कशाला" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणतोय.

फाट्यावर माझ्या बुटांचे ठसे होते, पुष्कळ येरझाऱ्यांचे. त्यांच्यावरून डॉक्टरांच्या गाडीच्या रुंद टायरचा माग सरळ गेला होता. अगदी सरळ. कुठे वेग कमी केल्याची खूण नाही, थांबल्याची नाही.

मी गाडी टाकून पळालो. खडकाला वळसा घातला. तिथून पुढे वीस पावलांवर रस्ता संपत होता आणि टायरचा माग शेवटपर्यंत गेला होता. खाली ती कोरी करकरीत गाडी दोन खडकांमध्ये उलटी पडली होती. तिचा पिवळा दिवा अजून लुकलुकत होता. लाट यायची, दिवा पाण्याखाली जायचा, लाट ओसरली की पुन्हा लुकलुकायचा. मी त्या दिव्याकडेच बघत राहिलो.

"अरे," मागून कोणीतरी म्हणालं.

भावोजी खडकाला पाठ लावून बसले होते. मी त्यांच्या जवळून पळत गेलो होतो आणि ते मला दिसले नव्हते. नुसता सदरा, तोही भिजलेला. कोपर सोलवटून निघालेलं. एका पायात बूट नव्हता. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं आणि सबंध अंग थडथडत होतं.

"ब्रेक भिजले होते," ते म्हणाले. "लागेनात. मी गाडी सोडून दिली." मग त्यांनी डोंगराकडे बघितलं. "डॉक्टर पोचले का? फार गारठले होते."

"पोचले."

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे बघितलं, आणि लिफ्टचा बिघाड गिऱ्हाईकाला समजावून सांगावा तशा आवाजात म्हणाले, "फाट्यावर तू नव्हतास. म्हणून मी सरळ आलो."

तेवढ्यात मास्तर आले, डॉक्टर आले. मास्तरांनी कड्यावरून खाली बघितलं आणि मटकन खाली बसले. डॉक्टर रडायलाच लागले; जाकीट काढून भावोजींच्या अंगावर घालताना त्यांना बाही सापडत नव्हती. मग मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझी काय चूक? जाकीट तेच, गाडी तीच. कोणीही फसला असता."

"खरंय," भावोजी म्हणाले. "जाकीट द्यायला नको होतं मी."

मला गप्प बसता आलं असतं. ताईलाही हीच गोष्ट सांगता आली असती, जाकिटाची, आणि ती खोटी ठरली नसती. सगळ्यांनी मिळून मला सोडून दिलं होतं.

"टकटक झाली नव्हती," मी म्हणालो. "मला कळलं होतं, झाली नाही म्हणून. तरी निघालो. कंटाळा आला होता. चहा हवा होता."

भावोजी खाली आपल्या उघड्या पायाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं. ते उठले, खडकाला धरून धरून, आणि लंगडत माझ्या गाडीपर्यंत गेले. मास्तर म्हणाले, "माझ्या मागे बसा." त्यांनी ऐकलं नाही.

मी गाडी चालू केली. ते मागे बसले. त्यांची थरथर सीटमधून माझ्या पाठीपर्यंत येत होती. फाट्यापर्यंत आलो आणि मी थांबलो. मास्तर डावीकडे वळून चढून गेले. त्यांच्यामागे डॉक्टर भावोजींच्या गाडीवर, पाय दोन्हीकडे लोंबकळत. मी क्लच दाबून उभा होतो. वारा पुन्हा कानात घुमायला लागला. मागे कोणी राहिलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी निघालो नाही.

हेल्मेटवर टक झालं.

मी थांबलो.

"निघ ना," भावोजी म्हणाले.

"दोन असतात, भावोजी."

मग त्यांनी माझा खांदा घट्ट पकडला, मोठा श्वास घेतला, आणि तो बाहेर सोडताना हुंदका फुटला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि आताही दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. रडता रडता त्यांचं डोकं पुढे कलंडलं आणि माझ्या हेल्मेटवर आपटलं. टक.

ती दुसरी धरायची की नाही, मला कळेना. मी क्लच दाबून तसाच उभा राहिलो.