शेपटीला बांधलेलं नवीन वर्ष

मित्रांनो, जरा मान वर करा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्याच्या छतावर खांबाला नारिंगी-पांढरी कापडी नळी दिसते ना, तो मी. एक जुना विंडसॉक. छत्र्या शिवणाऱ्या बाईने मला शिवलं, पण छत्रीचं सुख माझ्या नशिबी नव्हतं. छत्रीला निदान कुणीतरी घट्ट धरतं.

माझं काम सोपं. वारा जिकडे, तिकडे माझी शेपटी. गॅस सुटला की कामगारांनी वर बघायचं आणि शेपटीच्या उलट दिशेला पळायचं. खाली शेडच्या बोळांत वारा गिरक्या घेतो, तिथे काही कळत नाही. सुरक्षा सप्ताहात साहेब माझ्याकडे बोट दाखवून भाषण करतात. नंतर वर्षभर माझ्याकडे कावळे बघतात, आणि सोमी. पॅकिंगला असलेली सोमी रोज आत शिरताना मला बघून घेते, देवळावरून जाताना कळस बघावा तशी. यंदा दिवाळीनंतर तिची लेक दीपाही कामाला लागली.

डिसेंबर उतरला की मला धडकी भरते. सुट्ट्या माणसांना असतात. कुणी केळव्याला जातं, कुणी गोव्याला. गॅस कुठेच जात नाही, नळ्यांत बसून असतो. त्याला कॅलेंडर वाचता येत नाही.

एकतीस तारखेला सकाळी एचआरचे भाग्येश साहेब छतावर आले. मागून पताकांचं भेंडोळं घेऊन इलेक्ट्रिशियन मिथुन. माझ्या खांबापासून मोठ्या गेटपर्यंत पताका लागल्या. मी फडफडलो आणि दोन पताका फाटल्या.

"याला बांध रे. फोटोत मध्ये मध्ये येतोय."

"सायेब, तो वारा दावतो."

"निम्मा प्लान्ट बंद आहे, मिथुन. आज वाऱ्यालाही सुट्टी दे."

साहेब हसले, म्हणून मिथुनही हसला. त्याने माझी शेपटी समुद्राकडच्या कठड्याला आवळून बांधली. मोठं गेट त्याच बाजूला.

दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला. शेपटी बोईसरकडे, मागच्या गेटाच्या बाजूला वळायला हवी होती. वळली नाही. आणि तेव्हाच गॅस सुटल्याचा भोंगा वाजला.

ओढणीने तोंड दाबून सोमी आणि दीपा शेडबाहेर आल्या. दीपा मोठ्या गेटकडे निघाली.

"थांब! वर बग आदी. शेपूट तिकडं हाय. मागल्या गेटाला चल!"

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मी गाठीला हिसके देत राहिलो. पिवळट धूर मागच्या गेटकडेच सरकत होता, आणि मायलेकी हातात हात घालून त्याच्या पुढे पळत होत्या. माझ्या शब्दावर.

दीपा खोकत थांबली. "आये, पताका बग. त्या उलट्या उडतात."

सोमीने पताका पाहिल्या, मग मला. "मुडद्या, तुला बांदलाय!"

तिने लेकीला ओढत आडव्या बोळात घातलं. वळसा घेऊन दोघी मोठ्या गेटाबाहेर पडल्या.

संध्याकाळी गळती थांबली. कुणी दगावलं नाही. दीपाचा खोकला तेवढा राहिला. सजावटीने जीव वाचवले, असं म्हणून साहेबांनी केक कापला.

"सायेब, त्याला सोडा की," सोमी म्हणाली.

"सुट्ट्यांनंतर बघू," म्हणत साहेब छताची किल्ली खिशात घालून गोव्याला गेले.

सुट्ट्या संपल्या. पताका खालूनच ओढून काढल्या आणि पुढच्या वर्षासाठी नीट घडी घालून ठेवल्या. गाठ राहिली. सोमी येताजाता ज्याला त्याला सांगते, "त्याच्यावर जाऊ नका, तो बांदलेला हाय." लोक हसतात. दीपा खोकते.

आज नव्या वर्षातली पहिली नोकरभरती झाली. नवे कामगार खाली रांगेत उभे आहेत. परत आलेले भाग्येश साहेब माझ्याकडे बोट दाखवून सांगताहेत, "काही झालं तर फक्त याच्याकडे बघायचं."

खारा वारा सुटलाय. माझी शेपटी अजून समुद्राकडेच आहे.

मित्रांनो, कुणीतरी शिडी आणा. ते सगळे माना वर करून बघताहेत.