भुऱ्याची पोळी

२०१७ सालचा श्रावण. चेरीतालच्या घरामागच्या ओट्यावर चिंतामणीरावांनी भुऱ्याची मान दोन्ही गुडघ्यांत धरली होती आणि ते त्याच्या पाठीला तेल चोळत होते. कुत्रा कण्हत होता, पण सुटायची धडपड करत नव्हता. हेमलताबाई चहा घेऊन दारातच थबकल्या.

“अहो, पुरे आता. कसा थरथरून राहिला बघा.”

“मुरतंय तेल, म्हणून थरथरतो.” त्यांनी मान वर केली नाही. “तू पोळी तर नाही ना दिलीस त्याला?”

“काल शपथ घेतली ना तुमची! आता काय रोज घेऊ?”

चहा ओट्यावर ठेवून त्या आत गेल्या.

चिंतामणीरावांचा जन्म फॅक्टरीत यंत्रं सांभाळण्यात गेला होता. काही कुरकुरलं की तेल घालायचं, हा त्यांचा स्वभावच झाला होता. घरातल्या बिजागऱ्या, शिलाईचं मशीन, शेजाऱ्यांच्या सायकली, कुणीच त्यातून सुटलं नव्हतं. मुलगा यशोधन ऑस्ट्रेलियाला गेला, त्याच हिवाळ्यात मदन महल स्टेशनाबाहेर कुडकुडणारं एक पिल्लू त्यांनी कोटाच्या खिशातून घरी आणलं. तेव्हापासून भुऱ्या त्यांच्या पायांशी आणि त्यांचं बोलणं भुऱ्याशी.

आधी शेपटीजवळ लहानसा चट्टा उठला. मग केस गळाले, कातडी लाल झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली. ना पिसवा, ना बुरशी. शेवटी ते म्हणाले, “दादाजी, खाने की एलर्जी लगती है. कुछ दिन गेहूँ-दूध बंद करके देखिए.”

पोळी बंद झाली. भुऱ्याला भात आणि उकडलेला दुधी मिळू लागला. चिंतामणीरावांनी करंजाच्या तेलात गंधक आणि कापूर कालवून औषध केलं. डॉक्टरांना सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. घरचं तेल, त्यात काय सांगायचं? चट्टे मात्र पोटापर्यंत पसरले. ते जितके पसरले, तितकं तेल वाढलं, आणि तितकाच हेमलताबाईंवरचा संशयही. शेवटची पोळी कुत्र्याची, हे बायकोच्या हाताचं वळण त्यांना ठाऊक होतं. हेमलताबाई आता पोळ्या मोजून लाटायच्या. शेवटची उरू नये म्हणून.

दसऱ्यानंतर चिंतामणीरावांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कुत्रा जवळ नको म्हणून बजावलं, तेव्हा चिंतामणीरावांची धाकटी बहीण बेबीताई तिलवाऱ्याहून येऊन भुऱ्याला घेऊन गेली. सोबत तेलाची भली मोठी बाटली आणि भावाच्या शंभर सूचना.

संक्रांतीला दोघं तिळगूळ घेऊन तिलवाऱ्याला गेले. फाटक वाजताच एक तुकतुकीत, भरल्या केसांचा कुत्रा झेपावत आला. चिंतामणीरावांनी त्याला आधी ओळखलंच नाही. मग ते अंगणातच खाली बसले.

हेमलताबाई स्वयंपाकघरात गेल्या. बेबीताई पोळी दुधात कुस्करत होती.

“हे कुणाला, बेबीताई?”

“तुमच्या लाडोबाला! दुधीला तोंड लावत नाही मेला. आल्या दिवसापासून पोळीच खातो.”

“आणि तेल?”

“ते? ना जी! झाकण उघडलं अन् माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. मोरीवर ठेवून दिलं तसंच. दादाला नका सांगू हं, वहिनी.”

हेमलताबाईंनी खिडकीतून पाहिलं. चिंतामणीराव नव्या केसांवरून हात फिरवत होते, पुन्हा पुन्हा, आणि काहीतरी सांगत होते त्याला. सकाळी उठल्याबरोबर तेल कोमट करणारे, भुऱ्या कळवळला की “झालं रे राजा, झालं” म्हणत थोपटणारे तेच हात.

ते दारात आले. डोळे ओले होते.

“बेबे, काय केलंस गं तू असं?”

बेबीताईनं तोंड उघडायच्या आत हेमलताबाई म्हणाल्या, “पोळी बंद झाली ना इथे. मी घरी देत होते. चोरून.”

बेबीताईनं वाडगं पदराआड घेतलं. चिंतामणीराव बायकोकडे वळले.

“माझी शपथ घेऊन?”

“हो.”

हेमलताबाईंना वाटलं होतं, ते चिडतील, चार दिवस अबोला धरतील आणि भुऱ्या घरी येईल. तेलाचं पुढं बघून घेता येईल. पण ते चिडले नाहीत. चपला घालत एवढंच म्हणाले, “मग राहू दे त्याला इथेच. सुखात आहे.”

भुऱ्या तिलवाऱ्यालाच राहिला. चिंतामणीराव दर रविवारी जायचे, एकटेच. खरं सांगून टाकावं असं हेमलताबाईंना कितीदा वाटलं. पण ते परत येऊन शर्टावरचे भुरे केस एकेक करून झटकत बसले, की त्या उठून चहा टाकायला जात. टाळेबंदीत जाणं बंद झालं. त्याच उन्हाळ्यात भुऱ्या गेला, तो दोघांनाही न दिसता.

चिंतामणीराव त्यानंतर दोन वर्षांनी गेले. यशोधन आला, दिवस करून परत गेला. बेबीताई आता गुडघ्यांनी अधू झाली आहे आणि हेमलताबाईंसोबत चेरीतालला राहते. दोघी दुपारी तांदूळ निवडत बसतात. अशाच एका दुपारी हेमलताबाई म्हणाल्या, “तेव्हा मी खोटं बोलले नसते, तर भुऱ्या घरी आला असता.”

बेबीताईनं ताट बाजूला सारलं.

“दादाला माहीत होतं, वहिनी. पहिल्याच रविवारी आला, तेव्हा मी भुऱ्याला पोळीच घालत होती. लपवू कुठं? पोळीचं, तेलाचं, सगळं सांगून टाकलं.”

“मग नेलं काहून नाही त्याला?”

“मीबी हेच विचारलं. तर म्हणे, घरी नेलं तर माझं मन राखायला तुझ्या वहिनीला रोज खोटं बोलावं लागेल.”